कर्मणी प्रयोग

गुरुवारी संध्याकाळी सहाला मी वाचनालयाचं मागचं दार उघडते.
रेडिएटर खोकत खोकत तापतात.
बंदरावरचं धुकं आत येऊ पाहतं,
त्याला पायपुसण्यावरच थोपवते.
ग्रिम्सबीत आता बोटी थोड्या, गोदामं फार,
आणि गोष्टी लिहायला येणारी माणसं सात.
आठवी मी, पण मी मला धरत नाही.
माझ्याकडे किल्ल्या आहेत.

रोना टास्करबाई पिशवीतून जुन्या कादंबऱ्या काढतात,
दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या, कणा सुटलेल्या.
त्यांतली नृत्यं, मृत्युपत्रं, माळरानावरचा वारा
सगळं बाजूला ठेवा, म्हणतात.
मला असं वाक्य शोधून द्या
ज्यात काम झालंय आणि करणारा नाही.
चहा आणला गेला. पडदे ओढले गेले.
घोडे धरून ठेवण्यात आले.
कुणी? त्याला एक रात्र द्या.
चाळीस मिनिटं आहेत.

क्लिफर्ड हेग यांनी एकतीस वर्षं बस चालवली.
त्यांचा घोडेवाला फाटकाशी उभा आहे.
आत साहेब मागणी घालताहेत
आणि बाई विचार करताहेत, तीन पानं.
तीन पानं म्हणजे थंडीत किती वेळ,
क्लिफर्ड विचारतात, कधी हिशेब केलाय कुणी?
घोड्याच्या आयाळीत हात खुपसून तो बोटं शेकतो.
नकार येतो. साहेब हवेत चाबूक मारत बाहेर पडतात.
घोडेवाल्याला फार वाईट वाटतं,
घोड्याचं.

एनिड स्क्रिव्हन मासळी कापायच्या कारखान्यात होत्या.
त्यांनी लेस धुणारी मुलगी घेतली.
वाचताना कागद टेबलावर, हात टेबलाखाली.
गार पाण्यात पहिली दहा मिनिटं दुखतं,
मग हात आपले राहत नाहीत, मग बरं असतं.
त्यानंतर कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

सोळा वर्षांचा ॲश्टन फक्त कुत्र्याबद्दल लिहितो.
दर आठवड्याला कुत्रा.
ह्या वेळी तो शेकोटीपुढं पडल्या पडल्या
मालकिणीचं प्रेमपत्र खाऊन टाकतो,
म्हणून पुढची चारशे पानं गैरसमज.
टास्करबाई हसून हसून चष्मा पुसतात.

मी दाराशी ऐकत होते, कपबश्यांचा ट्रे घेऊन.
"चहा आला," कुणीतरी म्हणालं,
आणि सगळे एकदम गप्प झाले.
क्लिफर्ड उठले, खुर्ची ओढून दिली.
मी म्हटलं, नको, अजून बिस्किटं आणायचीयत.
खोटं होतं.
बिस्किटं ट्रेमध्येच होती, सगळ्यांना दिसत होती.

नऊला रेडिएटर बंद केले,
खोडरबराचा भुगा तळव्यानं गोळा केला.
एनिडचा हातमोजा सापडला, एकच,
खुंटीला अडकवला.
दाराजवळ नोंदवही असते. बारा वर्षं माझ्या अक्षरात
एकच वाक्य, तारीख तेवढी बदललेली:
सभागृह बंद करण्यात आले.

आज पेन तिथं अडलं.
खोडलं नाही, खाली लिहिलं:

मी केलं. थेल्मा ब्लँचर्ड. नऊ वाजून दहा मिनिटं.
त्याआधी थोडा वेळ क्लिफर्डनं दिलेल्या खुर्चीत
बसले होते, दिवा न लावता.
खुर्ची बरी आहे.
एक पाय हलतो.