कर्ता

दुपारी साडेतीनला गावभागातलं सगळं निजलेलं असतं,
वखारीतली हळदसुद्धा.
मी जिन्याखालची मोटर बंद करते,
कुकरची शिट्टी काढून ठेवते,
आणि पडद्यावर कोहारू येते.
तिच्याकडे सात वाजलेले,
गणवेश अजून अंगात,
मागे खिळ्याला एक छत्री, अगदी सरळ.

शाळा तिची डोंगरातली. शेवटच्या वर्गात मुलं अकरा.
त्यातल्या तिघांना परदेशातल्या विद्यापीठांत जायचंय
आणि त्यांच्या निबंधांसाठी शाळेनं नेमलीय
सांगलीची एक बाई,
जिनं पुण्याच्या पुढचं स्टेशन पाहिलेलं नाही.
हे मी सांगितलेलं नाही.
विचारलंही नाही कुणी.

साडेसहाशे शब्द. तुमच्यावर आलेलं संकट,
आणि तुम्ही काय केलंत.

कोहारूनं पूर लिहिला.
नदी आली. शाळा बुडाली.
चिखल काढला. बाकं धुतली.
पुस्तकं उन्हात घातली, चिकटलेली पानं एकेक सोडवली.

मी समासात लिहिलं: कोणी?
म्हणाली, सगळ्यांनी.
सगळ्यांत तू कुठे होतीस?
इतका वेळ गप्प, की मला वाटलं नेट गेलं.
मग म्हणाली, ओळीत.
बादली यायची. पुढे द्यायची.

तिला सांगितलं, जे तिघांनाही सांगते:
निवडणाऱ्यांना ओळ दिसत नाही, बाळा.
त्यांना बादली धरलेला हात लागतो
आणि हाताला नाव.
प्रत्येक वाक्याच्या दारात 'मी' उभा कर.

केला.
दुसऱ्या खर्ड्यात एकवीस 'मी'.
मी चिखल काढला, मी बाकं धुतली, मी शिकले.
निबंध चांगला झाला होता.
इतका, की त्यात पूर उरला नव्हता.

त्या रात्री जिना उतरताना
भिंतीवरची रेघ दिसली, पाचव्या पायरीच्या वर,
दोनदा चुना मारूनही उमटणारी.
तेव्हा आमच्याकडेही चिखल काढला.
तांबोळींचं कपाट काढलं,
भडंगाच्या भट्टीतला गाळ उपसला,
कुणाची तरी पेटी बाहेर आणली,
भाता हलवला तर तिनं पाणी ओकलं
आणि आम्ही सगळे रस्त्यात बसून हसलो.
कोणी उपसला? कोणी आणली?
मला माझे हात आठवेनात.
आठवली ती मला पाटी देणारी
आणि माझ्याकडून घेणारा.

'काढला' म्हणताना क्रियापद
चिखलाकडे बघतं.
काढणारा तोवर
चहा प्यायला गेलेला असतो.

दुसऱ्या दिवशी विचारलं,
कोहारू, ओळीत तुझ्या आधी कोण होतं?

पहिल्यांदाच ती भराभर बोलली.
आधी जेवण वाढणाऱ्या बाई.
त्यांचं घर वाहून गेलेलं,
पण बादली त्यांनी कधी काठोकाठ भरून दिली नाही,
माझे हात लहान म्हणून.
नंतर रेन. आमचं वर्षभर बोलणं नव्हतं.
तेव्हाही बोललो नाही.
पण रिकामी बादली परत देताना
तो कडी माझ्याकडे फिरवायचा.

म्हटलं, हे लिही.
यात मी कुठेय?
म्हटलं, मधे.

आठवड्यानं मोरिशिता सरांची मेल:
नव्या खर्ड्यात 'मी' फार कमी झालेत,
प्रवेशाच्या दृष्टीनं धोका नाही ना?

लिहिलं, धोका आहे.
लिहिलं, जबाबदारी घेतली जाईल.
वाचलं.
खोडलं.
मी घेते.

निकाल मार्चअखेर.
तेव्हा नव्या हळदीचे सौदे ऐन भरात असतात,
पिवळा धुरळा रेघेच्याही वर चढतो,
आणि गावभागात
साडेतीनला कुणी निजत नाही.