दीड एकर

मिसेस थ्रेलकेल्डचं कुरण दीड एकर.
त्यात बिळं किती, ते सशांनाही ठाऊक नसावं.
पोनीचा पाय एकदा आत गेला,
तेव्हापासून त्या माझ्या मागे लागल्यात.

रायफलला परवाना, परवान्याला जमीन,
जमिनीला पोलिसांची मान्यता.
आयरेडेल आला गमबूट घालून;
नकाशा वाऱ्यानं घडीवरच फाटला.
"गोळी मैलभर जाते," म्हणाला,
"कुंपण तिला वाचता येत नाही."
पूर्वेला शाळेची पायवाट. मान हलली.
रस्ता, मग शेजाऱ्याची मेंढरं. पुन्हा हलली.
राहिला पश्चिमेचा मातीचा उंचवटा.
त्यावर त्यानं तळहात ठेवला,
ताप बघावा तसा.
"फाटकाशी उभं राहायचं. तोंड इकडेच. नेम खाली."

कागद सहा आठवड्यांनी आला.
संध्याकाळी मी फाटकाला टेकलो.
उंचवट्यावर नुसतं गवत.
ससे सगळे पायवाटेकडे,
निवांत, कान मागे टाकून चरत,
जणू नकाशाची एक प्रत
त्यांनाही पोचली होती.

बाई चहा घेऊन आल्या. "झालं का?"
"वारा फिरू दे," म्हटलं.

वारा केव्हाचा पडला होता.