तीन मिनिटं

ऐकायचं नाही, असा नियम होता.
ट्रंक एक्स्चेंजच्या दुसऱ्या माळ्यावर आम्ही अकरा जणी,
कानाला हेडफोन, हातात दोरी,
दोरीच्या टोकाला पितळेची पिन.
मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला
झिंगरू तासातासाने येई; गारवा तेवढाच.
मुंबई म्हणे, नागपूर, लंडन घ्या.
मी लंडन घ्यायची.

पीपी कॉल. मोहननगर, गोन्साल्विसची बेकरी,
बोलावून द्या मिसेस मॉड रिबेलो यांना.
बेकरीतलं पोरगं पळत सुटे. तोवर लाइनीवर
नुसता समुद्र.
समुद्र मी आजतागायत पाहिला नाही.
ऐकला पुष्कळ.

मग ग्लेनिस.
मोतीबागच्या इंजिन ड्रायव्हरची पोर,
सदरच्या चर्चमध्ये मागच्या रांगेत गायची
(पुढे उजळ पोरी उभ्या करत).
इंग्रजी मला अर्धंच कळे,
उरलेलं मी तिच्या श्वासावरून लावून घ्यायची.

एकसष्ट: दिवसा बिस्किटांच्या कारखान्यात, रात्री पबमध्ये गाते.
बासष्ट: कुठची म्हणून विचारतात, तर सांगते, आजी स्पॅनिश होती.
कोणती आजी, मम्मी म्हणाली.
त्रेसष्ट: नाव कापलं. पूर्ण नाव पोस्टरवर मावत नाही,
आता मी ग्लेन रे.
मम्मी रडली बहुतेक. मला त्यात नवल वाटलं नाही,
छप्पन साली आमच्या घरच्या कोनाड्यातून
बापानं एका सकाळी सगळे देव उतरवले होते,
आणि माय रिकाम्या कोनाड्याला
आठ दिवस सवयीनं हात जोडत होती.

पासष्टच्या डिसेंबरात ती ओरडलीच,
मम्मी, माझं गाणं! मी लिहिलेलं! अकराव्या नंबरवर!
कितीपैकी, मम्मीनं विचारलं.
तेवढ्यात तीन मिनिटं झाली.

थ्री मिनिट्स, कॉलर. एक्स्टेंड?
हे एवढंच वाक्य माझं.
दिवसातून दोनशे वेळा, सगळ्यांना सारखंच,
मारवाड्याच्या सरकीच्या भावाला आणि मयताच्या निरोपाला.

अडुसष्टमध्ये पप्पा गेले, तेव्हा दोघीही बोलल्या नाहीत.
मम्मीचा श्वास इकडे, ग्लेनिसचा तिकडे,
मधे मी, पिन धरून.
घड्याळ तीनवर आलं. चारवर. मी वाक्य म्हटलं नाही.
अकरा मिनिटं चालू दिलं
आणि तिकिटावर लिहिलं तीन.
सुपरवायझर पटवर्धनबाईंनी मेमो दिला,
खोब्रागडे, सरकारी लाइन ही धर्मशाळा नाही.
एक इन्क्रिमेंट गेलं.
त्या वर्षी शिलाई मशीन घ्यायची होती, राहिली.

पुढे ती स्वतः कमी गाऊ लागली.
आता दुसऱ्या पोरींसाठी लिहिते, म्हणाली.
मग जहाजावर काम मिळालं,
म्हातारी जोडपी जेवण झाल्यावर नाचतात, तिथे.
मम्मीचा प्रश्न एकच: जेवतेस ना?
ग्लेनिस हो म्हणे. जरा थांबून म्हणे.

आणि एकदा बेकरीतलं पोरगं एकटंच परत आलं.
दार उघडत नाही, म्हणाला, दूध बाहेरच आहे.
मला लंडनला सांगायचं होतं.
त्यासाठी आमच्याकडे छापील शब्द होते:
पार्टी नॉट अव्हेलेबल.
मी तेच सांगितले.

परवा नातीनं फोनवर कुठूनसं ते गाणं शोधलं.
ग्लेन रे, सत्तर साल. मला म्हणाली, घाल कानात.
गिटार, टाळ्या, तिचा तो मागच्या रांगेतला आवाज,
आणि मधेच सगळं थांबवून एक बाई:
थ्री मिनिट्स, कॉलर.
ती मी नव्हे. असेल कुणी तिकडची गोरी.
पण 'थ्री'मधला 'थ' घट्ट, वऱ्हाडी,
जिभेनं दातावर थापलेला,
कुणीतरी तिला घासून घासून शिकवलेला.

गाणं दोन मिनिटं बावन्न सेकंदांत संपलं.
बिल वाढू द्यायचं नाही,
ही सवय काही गेली नाही, बाई.

आजी, कितवा नंबर होता गं हिचा?
अकरावा.
कितीपैकी?
ते राहूनच गेलं, म्हटलं.
लाइन मीच तोडली होती.