दिवे मोजणारी

कारागांडाच्या खाणीत ती कधी खाली उतरली नाही.
तिचं काम वर, पत्र्याच्या खोलीत:
पाळीला निघालेल्याच्या हातात दिवा द्यायचा,
बदल्यात त्याचा पितळी बिल्ला घेऊन खिळ्याला अडकवायचा.
बिल्ला खिळ्यावर राहिला, म्हणजे माणूस खाली राहिला.
तोवर ती घरी जायची नाही.
अडकवताना ओठ हलायचे.
मुकादमाला वाटायचं, मोजतेय.
मोजतच होती म्हणा.

आपोलोनिया. आमच्या तोंडी पोली.
नात्याची कोणी नव्हती.
व्होल्गाकाठून गुरांच्या डब्यातून आणलेली,
एक मूल होतं, ते वाटेत राहिलं;
कुठल्या स्टेशनाशी, ते तिने कधी सांगितलं नाही.

माझा बाप्तिस्मा तिने केला.
पाद्री उत्तरेला कुठेतरी लाकडं तोडत होता.
उणे छत्तीस. टवका उडालेल्या एनॅमलच्या भांड्यात
वितळवलेला बर्फ. आई सांगायची,
पाणी तिने आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं.

रविवारी पडदे ओढून दहा-बारा बाया.
एक खुर्ची रिकामी, पाद्र्यासाठी.
मध्ये बटाट्यांची टोपली; दार वाजलंच
तर सगळ्या बटाटे सोलत असत.
स्तोत्रं चौकटीच्या वहीत, वर लिहिलेलं: गणित.
मी नऊ वर्षांची. मला ती वही पाठ होती.

आणि मीच सांगितलं.
बाईंनी माझ्या गळ्यातला लाल रुमाल सारखा करत
गोड आवाजात विचारलं, रविवारी काय करता गं घरी?
खोटं बोलू नये, असं मला शिकवलेलं.
कोणी, ते कळलंच असेल.

मंगळवारी दोघं आले. वही गेली.
तिला दिव्यांच्या खोलीतून काढून
उघड्यावर कोळसा निवडायला लावलं, एक अख्खा हिवाळा.
बोटांची दोन पेरं गेली.

मी रस्ता बदलून शाळेत जायचे.
फेब्रुवारीत तिने पंपापाशी गाठलं,
माझी बादली उचलली. म्हणाली, चल, काम आहे.
टेबलावर कोरी वही, तासलेली पेन्सिल.
"तुला पाठ आहे ना सगळं? मला आता धरवत नाही. तू लिही."
कोणी सांगितलं, हे तिने विचारलं नाही,
त्या दिवशी नाही, पुढच्या चोवीस वर्षांत नाही.
तिसऱ्या कडव्यात मी अडले, तेव्हा ती पाव कापायला घेत होती.
आधी पाव पालथा करून सुरीच्या टोकाने
बुडावर क्रूस ओढायचा, ही तिची रीत.
न वळताच तिने पुढची ओळ सांगितली.

मग मी मोठी झाले, म्हणजे लांब गेले.
अल्माटी. लग्न, घटस्फोट, दातांच्या दवाखान्यात नोकरी.
देवाचं नाव वीस वर्षं घेतलं ते हातातून बशी सुटली तरच.
आई पत्रात लिहायची: पोली म्हणते,
तुझा बिल्ला अजून खिळ्यावर आहे.
मी पत्र खणात टाकायचे.

ती गेली तेव्हा मी पोहोचले नाही. रुळांवर बर्फ होतं.
खोटं बोलू नये: मी तिकीटच काढलं नव्हतं.

वही माझ्याकडे आली. माझंच वेडंवाकडं अक्षर,
एका जागी तेलाचा डाग,
शेवटच्या पानावर तिच्या हातची नावं,
एकाखाली एक, चाळीसेक. बहुतेकांपुढे बरोबरची खूण.
माझ्यापुढे काही नाही. नुसती जागा सोडलेली.
पेन्सिल जवळच असते. ती खूण मी केलेली नाही.
करणारी मी कोण.

काल रिम्मा त्सोईची पोर माझ्या स्वयंपाकघरात बसली होती,
आईची रात्रपाळी म्हणून.
मी पाव घेतला, पालथा केला,
सुरी आपली आपण फिरली.
"हे काय करतेस?"
मला सांगता येईना.
तिचे हात पुसले, सुरीवर ठेवले.
हं. आधी उभी रेघ.