धंद्याचा रकाना

खारेगावच्या व्याख्यानमालेला माईक माझाच, एकोणीस वर्षं.
ग्रहणं ऐकली, जनुकं ऐकली, हुंडा, पाणी, मेंदू,
म्हणजे ऐकली नाहीत तशी;
माझं लक्ष असतं शिट्टीकडे.
'प' आला की माईक फुटतो, 'श' आला की सळसळतो,
एवढंच विज्ञान मला पाठ.

जानेवारीतला शनिवार. शाळेचं पटांगण, तीनशे खुर्च्या,
दीडशे माणसं, त्यातली वीस समितीची.
नागपूरहून डॉक्टर उके बाई. विषय: धूळ.
पडद्यावर त्यांनी एक कण दाखवला
हजार पटीने मोठा करून.
पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, किती सुंदर!
हिऱ्यासारख्या कडा.
"खोकला बाहेर येतो," बाई म्हणाल्या. "हा आत राहतो."

मी आवाजाचा काटा बघत होतो.
पारसिकच्या डोंगराला पाठ करून बसायची सवय आहे मला.
त्याच्या पोटातून अण्णाने खडी काढली,
चाळिशीत वाकला, दोन वर्षांत गेला,
दाखल्यावर टीबी.
समितीला हे ठाऊक नाही. ते मला सतीश साउंडवाले म्हणतात;
सतीश हे गाळ्याच्या आधीच्या मालकाचं नाव,
पाटी बदलायला पैसे नव्हते.

प्रश्नोत्तरं. नेहमीचे तिघे उठले,
आपापली भाषणं करून बसले.
मग मागून, चपलांच्या ढिगाजवळून, हणमव्वा.
तिला इथे बघून वायर माझ्या पायात आली.
तिने माईक दोन्ही हातांनी धरला,
कोंबडी धरतात तसा,
आणि बोलायच्या आधी श्वास घेतला.

तो श्वास
चारी भोंग्यांतून आला,
पटांगणभर, चिंचेखाली, वॉचमनच्या केबिनपर्यंत,
खडीवरून घमेलं ओढल्यासारखा.
सचिव चौबळांनी खूण केली, कमी कर.
मी बटणाकडे बघितलं
आणि हात खिशात घातला.

"बाई, हे कळलं कधी?"
उके बाईंनी चष्मा काढला.
"शंभर वर्षं तरी झाली."
"मग आमच्यापर्यंत यायला?"
त्याची स्लाइड बाईंकडे नव्हती.
खाली उतरल्या, तिच्याजवळ गेल्या, माईकशिवाय बोलल्या;
मी शेजारी होतो म्हणून ऐकू आलं:
"केसपेपरवर धंद्याचा रकाना असतो. रिकामा सोडू नका.
टीबी म्हणाले तरी विचारा, दगडाचं काय."

सोमवारी कळव्याच्या हॉस्पिटलात
आठच्या रांगेत आम्ही अकरा जण.
खिडकीतला पोरगा मान वर न करता:
नाव? वय? घरकाम लिहू?
हणमव्वा जाळी धरून उभी राहिली.
"खडी," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं."
त्याला ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा म्हणता येईना.

हाताशी माईक नव्हता.
मागून मीच ओरडलो,
रांग वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने:
खडी फोडली, लिहा.
वडार आहोत आम्ही.