दावा क्रमांक एक

सतरा वर्षं मी शेफिल्डमधल्या टेकडीवरच्या एका शाळेत
ओरडून सांगितलं की ध्वनी म्हणजे हवेची थरथर,
आणि अठराव्या वर्षी माझ्याच गळ्यात दोन गाठी निघाल्या,
तांदळाच्या कणीएवढ्या.
डॉक्टर म्हणाला, कमी बोला.
नववीच्या वर्गात कमी बोलून भागत नाही.

म्हणून आता मी पॅराडाइज स्क्वेअरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
पेटंटच्या कचेरीत उमेदवारी करते. वय चव्वेचाळीस.
आडनाव टिपणीस. शेवटी आडनावाने गाठलंच.
माझी वरिष्ठ रोझलिंड थॅकरी बत्तीस वर्षांची आहे.
ती लाल शाईने माझे मसुदे तपासते
आणि मी, जिच्या पर्समध्ये अजून तीन लाल पेनं सापडतात,
मान खाली घालून बसते.

पहिल्या दिवशी तिने टेबलावर एक क्लिप ठेवली.
“हिचं वर्णन कर. क्लिप म्हणायचं नाही.
कागद म्हणायचा नाही. तार म्हणालीस,
तर उद्या कुणी प्लास्टिकची करून विकेल.”
मी लिहिलं: लवचीक पदार्थाचा एक लांबट तुकडा,
स्वतःवरच वळलेला, असा की
त्या ‘असा की’पाशी माझी दुपार गेली.

शाळेत मी शब्द कुस्करून बारीक करायचे,
घास भरवावा तसे.
इथे शब्द ताणायचा,
चोराला शिरायला फट राहू नये इतका,
आणि दुसऱ्याचं आधीच असलेलं काही
आत ओढलं जाऊ नये, इतकाच.

याला दावा म्हणतात.
रोह्याला मामाच्या गोठ्यात दावं म्हणजे
म्हशीच्या गळ्यातली दोरी.
दावं जेवढं लांब तेवढंच गवत तिचं.
जास्त सोडलं की शेजारच्या वालात तोंड घालणार
आणि मग संध्याकाळभर भांडण.
हे मी रोझलिंडला सांगितलं. ती म्हणाली, छान.
पण म्हैस लिहू नकोस. चतुष्पाद लिही.

कायद्यात एक माणूस आहे, तो कुठेच राहत नाही.
त्याने जगातला प्रत्येक कागद वाचलाय,
हात तरबेज आहेत,
कल्पना मात्र आयुष्यात एक सुचलेली नाही.
जे त्यालाही सुचेल, त्याला पेटंट नाही.
मी ओळखते त्याला.
दर उन्हाळ्यात परीक्षेसाठी मीच त्याला घडवत होते,
तीस तीस प्रतींत.

टेगन हॅलम तशी नव्हती.
उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिने सायकलच्या ब्रेकची वायर
ब्युरेटच्या तोटीला बांधली
आणि डाव्या हाताने थेंब मोजून सोडले.
मिस, मिस, बघा ना! सगळा वर्ग उठून आला.
मी टाळ्या वाजवल्या,
फोटो काढून शाळेच्या पत्रकात छापला.
आता कळतं, त्याच दिवशी तिच्या हातून ते गेलं.
एकदा चारचौघांत दाखवलं की हक्क उरत नाही.
म्हणजे इतकी वर्षं मी सकाळी पावणेनऊपासून
हेच करत होते,
चारचौघांत उघडं करणं, काही राखून न ठेवता.

मसुद्याच्या परीक्षेत नापास झाले.
शेरा होता: उमेदवार फार समजावून सांगतात.

काल रॉदरहॅमहून ऑगली नावाचे म्हातारे गृहस्थ आले,
बिस्किटांच्या डब्यात पितळी झडप घेऊन.
“कुणाला दाखवलीत?” हा आमचा पहिला प्रश्न.
“बायकोला. पण तिला कळलं नाही.”
कशी चालते ते त्यांना धड सांगता येईना.
ती गोष्ट, ते हे, मग ते तिथे जातं.
मी खुर्ची पुढे ओढली. आवाज न चढवता म्हटलं,
मला सांगा. मी नववीत आहे असं समजा.

ते सांगू लागले.
तीन वाजून दहा मिनिटांनी सवयीने माझा कान घंटेकडे गेला.
वाजली नाही.
त्यांचं अजून झालं नव्हतं.