वही मागून उघडायची

दर मंगळवारी दहाला, रुवीत,
शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आमचा वर्ग भरतो.
जिना अरुंद, एसी खोकणारा.
रय्या फळ्यावर एक उभी रेघ ओढते: अलिफ.
आम्ही अकराजण, सगळे साठीपलीकडचे,
म्हणतो, अलिफ,
आणि कुणाची तरी कवळी सरकते.

छत्तीस वर्षं मी याच गावात
सिमेंटच्या गोण्या मोजल्या.
पाट्या रंगावरून ओळखायच्या,
उरलेलं कुणाला तरी विचारायचं.
बोलता मात्र येत होतं:
चल, आण, उचल, थांब.
सगळी आज्ञार्थी क्रियापदं.
‘मी’ लावून काही म्हणायची
कधी वेळच आली नाही.

पहिल्या दिवशी वही नेहमीसारखी उघडली.
रय्या म्हणाली, काका, मागून.
शेवटचं पान ते पहिलं.
समास भलत्या हाताला, आणि मनगट
आपल्याच ओल्या शाईवरून घसरत जातं.
आकडे तेवढे माझ्या बाजूने चालतात;
त्यांना बघून
परक्या कचेरीत आपला जुना कारकून भेटावा, तसं झालं.

शेजारी इफ्तिखार. जन्मभर पाण्याचा टँकर चालवला.
तो घडाघडा वाचतो,
लहानपणी छडीखाली शिकलेलं,
अर्थ मात्र एका ओळीचा ठाऊक नाही.
मला कानाने अर्थ कळतो, अक्षर नाही.
एका बाकावर बसलो की
दोघांचा मिळून एक साक्षर माणूस होतो.
मागे मर्सिडिता, निवृत्त नर्स,
दर आठवड्याला विचारते, परीक्षा कधी?
नाही म्हटलं की हिरमुसते.

घरी कुमुद हसते.
ती स्वतः बासष्टाव्या वर्षी पोहायला जाते.
जन्म गुहागरचा, परसाशी समुद्र,
आणि घोट्याच्या वर कधी पाणी नाही.
रात्री जेवताना ती हवेत हात मारून दाखवते,
मी ताटात आमटीने ‘बा’ काढतो,
खालच्या टिंबाला फोडणीतली एक मोहरी.

परवा शब्द आला: खुरूज. बाहेर जायची वाट.
अरे, हा तर रोजचा!
दाराच्या वर हिरव्या दिव्यात,
पासपोर्टात शिक्क्यामागून शिक्क्यात.
मी त्याला नक्षी समजत होतो.
विचारलं, आमच्यात पैसे जातात त्याला खर्च म्हणतात,
हा त्याच्याच घरचा का?
ती थबकली. म्हणाली, असेल. बहुतेक आहेच.
मग मला कुठे धीर!
हिशेब? जमा? तारीख? बाकी?
ती लिहीत गेली, मी बघत राहिलो.
कुमुदला पाठवलेल्या पैशांची माझी वही,
उजवीकडून डावीकडे.
बाकीपाशी तिचा खडू तुटला.

व्हिसा आता मुलीच्या नावावर, जूनपर्यंत.
पुढचं जूनमध्ये बघू.

वर्ग सुटला की मी सावली धरून चालतो
आणि पाट्या वाचतो. एकेका पाटीला पाच मिनिटं.
आज एका दुकानासमोर उभा राहिलो, ओठ हलवत.
आतला पोरगा बाहेर आला,
पिठाचे हात, काय पाहिजे?
अना अक्रा, म्हणालो. मी वाचतोय.
तो चितगावचा. त्याला कुठलं अरबी!
तेव्हा मीच त्याला त्याची पाटी वाचून दाखवली,
अडखळत: हिब्र. म्हणजे शाई.
शाईचं दुकान तुझं.

तो पाटीकडे बघतो, मी पाटीकडे बघतो.
मग दिसलं:
वरची दोन टिंबं उन्हाने खाल्ली होती.
ती असती तर खुब्ज झालं असतं. पाव.

सांगितलं तसा तो पोट धरून हसला, आत गेला,
आणि भट्टीतला एक खुबूस
वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातावर ठेवत म्हणाला,
घ्या काका, शाई.
सांभाळून, गरम आहे.